फोडणीचा हालो-हालो

मला लोक तापट म्हणायचे आणि लोकांचं काही चुकत नव्हतं. ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. मी आखातात वेल्डर होतो, दोन वर्षांनी दीड महिन्याच्या सुट्टीवर मोहाडीला आलो होतो आणि तेवढ्यात लग्न उरकून परत जायचं होतं. पहिलं स्थळ कोंढ्याचं. पाहुणे बसलेले असताना चहाला धुराचा वास लागला म्हणून मी मायवर खेकसलो. पाहुण्यांनी कप खाली ठेवले ते परत उचललेच नाहीत. ही बातमी पवनी तालुकाभर फिरली. दुसरं स्थळ तर घरापर्यंत आलंच नाही, परस्पर नकाराचा निरोप आला.

तिसरं अड्याळचं. मुलगी मी पाहून आलो होतो आणि खोटं कायले बोलू, पार कामातून गेलो होतो. जेवण गोड लागेना. पण तिचे वडील म्हणाले, आधी आम्ही येऊन घर पाहतो. घर पाहतो म्हणजे तुले पाहतो, असं बाबांनी मला समजावलं आणि त्या दिवशी तोंड उघडायचं नाही अशी तंबी दिली.

शहाणा माणूस पोह्यांवर भागवून गप्प बसला असता. मला आखातातली अक्कल पाजळायची होती. आमच्या कॅम्पात एक फिलिपिनो इलेक्ट्रिशियन होता. उन्हाळ्यात लोखंडाला हात लावला तर कातडी निघायची, अशा दिवसांत तो शुक्रवारी सुट्टीला हालो-हालो करायचा. म्हणजे त्याच्या भाषेत ढवळ-ढवळ. उंच ग्लासात तळाला साखरेत मुरवलेलं कडधान्य, उकडलेलं रताळं, फळांचे तुकडे, त्यावर किसलेल्या बर्फाचा ढीग आणि वरून डब्यातलं घट्ट दूध. लांब चमच्यानं ढवळायचं आणि खायचं. पहिल्यांदा मी त्याची टिंगल केली, की उसळीत बर्फ कोण टाकतं बाप्पा. एक चमचा पोटात गेला आणि मी दुसरा ग्लास मागितला. तिथल्या दोन वर्षांत मी मनापासून हसलो असेन तर त्या शुक्रवारीच.

तर मे महिन्यात, आमच्याकडे कुत्रीसुद्धा नालीत बसून राहतात अशा उन्हात, मी अड्याळच्या पाहुण्यांना हालो-हालो खाऊ घालायचं ठरवलं. दुधाचे डबे मी आणलेलेच होते. सकाळच्या एसटीनं भंडाऱ्याला गेलो, बर्फाची अर्धी लादी घेतली, धानाच्या कोंड्यात घालून गोणपाटात बांधली. येताना बस दोनदा बंद पडली. प्रवाशांच्या पायाखालून पाणी वाहायला लागलं तेव्हा कंडक्टरनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी गोणपाटाकडेच पाहत बसलो. घरी पोचलो तेव्हा अर्ध्या लादीची पाव उरली होती.

मायला सगळं आधीच बजावलं होतं. बरबटी, म्हणजे चवळी, उकडायची, साखरेच्या पाकात टाकायची, रताळ्याच्या फोडी करायच्या, ग्लासांत तळाला भरायचं आणि बाकी कशाला हात लावायचा नाही. तिनं तीनदा विचारलं, बस एवढंच? तिसऱ्यांदा माझा आवाज चढला.

पाहुणे दोघेच आले, मुलीचे वडील आणि तिचा मामा. मी आंगणात सुताराकडून आणलेल्या रंध्यावर बर्फ किसला, मायनं भरून ठेवलेल्या ग्लासांवर धडाधड टाकला, दूध ओतलं, गुलाबी सरबताची धार सोडली. दिसायला अस्सा बहारदार झाला, की मी स्वतःच थोडा वेळ पाहत उभा राहिलो. मग बैठकीत नेऊन ठेवला, ढवळायचं कसं ते दाखवलं, फिलिपिन्सविषयी चार गोष्टी ठोकल्या. मी त्या देशात कधी गेलो नव्हतो.

मामांनी चमच्यातून गोडनिंबाचं पान काढून बशीच्या काठावर ठेवलं.

मी माझ्या ग्लासात पाहिलं. गुलाबी दुधावर मोहरी तरंगत होती. त्यामागून लसूण आला. मायनं बरबटीला फोडणी दिली होती, सढळ हातानं, लाल मिरच्या टाकून. दाराआड उभी राहून ती माझ्याकडे पाहत होती आणि तिचा चेहरा एखादं मोठं काम निभावल्यासारखा होता. वाक्य माझ्या जिभेवर आलं. पण काही बिघडलं नाही असं पाहुण्यांना दाखवायच्या घाईत मी तोंडात मोठा घास कोंबला होता. बर्फ टाळूला लागला, कपाळात कळ गेली, पाठोपाठ मिरची घशात अडकली. मी डोकं धरून बसलो, डोळ्यांतून पाणी घळाघळा. पाहुण्यांना वाटलं असेल, पोरगा फार हळवा आहे. त्यांनी बिचाऱ्यांनी ग्लास संपवला, पाणी मागितलं, बाबांना राम राम केला आणि निघाले.

ते फाटकाबाहेर पडले असतील नसतील, मी स्वयंपाकघरात जाऊन जिभेवरचं वाक्य सोडलंच. "अक्कल गहाण ठेवली का तू? माझं लग्न मोडलंस तू आज."

माय चुलीपाशी बसली होती. मला वाटलं रडेल, पण तिनं सरळ माझ्याकडे पाहिलं.

"बिनाफोडणीची बरबटी खाऊन राहिला होता का तू तिकडं दोन वर्सं? मले कायले नाही लिहिलं?"

मी दोन वर्षं लांबलचक पत्रं लिहिली होती, पगार, पंखे, हवाई जहाज, आणि तिनं मी आणलेल्या त्या एका पाककृतीतून माझे सगळे हाल वाचले होते. मला स्वतःची लाज वाटली. मी तिच्यापाशी पाटावर बसलो, पातेल्यात उरलेली ती गोड-तिखट बरबटी ताटलीत घेतली आणि दोघांनी मिळून संपवली. चव इतकी भयंकर होती, की दुसऱ्या घासाला ती हसायला लागली आणि मग मीही.

चौथ्या दिवशी अड्याळहून होकार आला. कळ लागून आलेल्या आसवांवर भुलले बिचारे, असं मी समजलो आणि लबाडीनं मिळालेली बायको म्हणून वर्षानुवर्षं मनातल्या मनात ओशाळत राहिलो.

एकदा वरणात मीठ कमी पडलं म्हणून मी घर डोक्यावर घेतलं होतं. बायकोनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, त्या दिवशी तिचे वडील दुपट्टा विसरले म्हणून फाटकातून परत आले होते. ओसरीवर उभे राहून त्यांनी मी ओरडलेलं ऐकलं, माय बोललेली ऐकली आणि पाटावर बसलेला मीही त्यांना दिसलो. दुपट्टा उचलून ते आवाज न करता निघून गेले. घरी गेल्यावर तिनं विचारलं, तर एवढंच म्हणाले:

"पोट्टा बोंबलते, पण आयकते बी."

मी ताट पुढं ओढलं आणि मुकाट्यानं जेवलो.