तुझं औषध येईपर्यंत

बाबांच्या पायाचं बोट कापावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी प्रयोगशाळेत होते. आईचा फोन आला. साखरेमुळे चिघळलेली जखम, त्यात हिरवट पू, आणि अँटिबायोटिक बदलून बदलून देऊनही जंतू हटेनात. उशीर झाला तर पाऊल जाईल. बाबा मात्र सही करायला तयार नव्हते. का, ते आईने सांगितलं नाही. तूच ये, एवढंच म्हणाली.

राहनाळच्या गोदामात बाबांनी आयुष्यभर हमाली केली, पुढे मुकादम झाले. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. पोरगी औषध शोधते, असं ते सगळ्यांना सांगत. नेमकं काय करतेस, असं एकदा त्यांनी विचारलं, तेव्हा मी गोदामाच्याच भाषेत सांगितलं होतं. शरीरात पॉलीअमाईन नावाचे पदार्थ असतात. पेशी वाढायला, जखम भरायला ते लागतात. जंतूंनाही थोडे लागतात, पण फार साठले तर त्यांनाच विष होतात. म्हणून काही चिवट जंतू जादा माल फोडून खाऊन टाकतात. ही फोडाफोडी ज्या एन्झाइमने सुरू होते, ते बंद पाडायचं. मग माल आत येत राहील, पण बाहेर उचल होणार नाही.

"म्हंजे गाळा भरून जंतूच आत गुदमरनार," बाबा खूश होऊन म्हणाले होते.

मी कोन गावी घरी पोचले तेव्हा त्यांचे गोदामातले सोबती पलंगाभोवती बसले होते. डॉक्टरीण आली, आता मुकादमाचं बोट वाचलं, असं त्यातले एकजण माझ्याकडे बघून म्हणाले आणि माझ्या लक्षात आलं. बाबा माझ्या औषधासाठी थांबले होते.

सगळे गेल्यावर मी त्यांच्या पायाशी बसले. ज्या जंतूंमधलं ते एन्झाइम आम्ही आधीच काढून टाकलंय, ते पॉलीअमाईन घातल्यावर मरतात, एवढंच आम्हाला दिसलंय. एन्झाइम शाबूत असलेल्या जंतूंमध्ये ते बंद पाडणारा रेणू अजून हाती नाही. तो मिळाला तरी माणसाला देईपर्यंत वर्षं जातील. कदाचित जमणारही नाही.

"बाबा, माझ्याकडे तुमच्यासाठी औषध नाही."

ज्यांच्या पाठीवरच्या ओझ्यांवर मी शिकले, त्यांना हे सांगणं मला फार जड गेलं.

"मंग रोज जातेस कशाला?" त्यांनी विचारलं. टोमणा नव्हता, खरंच विचारत होते.

"पुढे कुणाचं तरी बोट वाचेल म्हणून."

त्यांनी पट्टी बांधलेल्या पायाकडे पाहिलं. "मंग ह्यातले जंतू ने. घरचे हायत, चिवट असतील."

असं नेता येत नाही, परवानग्या लागतात, असं मी म्हणाले.

"परवानगी मी देतो ना. बोट माजं हाय."

आई तोंडाला पदर लावून हसली. त्या आठवड्यात पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सही केली. बोट गेलं, पाऊल राहिलं. जंतू काही प्रयोगशाळेत नेता आले नाहीत.

सुट्टीच्या दिवशी ड्रेसिंग मी करते. जखमेच्या कडेने कोवळी गुलाबी कातडी धरू लागली आहे. तिथे पॉलीअमाईन भरपूर तयार होत असणार, हे मनात येतं. ते बाबांना सांगावं म्हणून मी वर बघते, तर ते डॉक्टरांनी सांगितलेल्या नव्या चपलेवरून आईशी वाद घालत असतात.