चटईखाली बसलेले मंत्री

मंत्री वर कोट-टाय घालत आणि खाली लुंगी. दुबईच्या खाद्यप्रदर्शनात ते पहिल्यांदा दिसले तेव्हा मला वाटलं, बिचाऱ्यांची बॅग विमानात हरवली असावी. पण पॅसिफिकमधल्या त्यांच्या सामोआ बेटांवर भारदस्त माणसाचा पोशाखच तो. ते तिथले शेती आणि मासेमारी मंत्री होते. मी दुबईत भाजी आयात करणाऱ्या एका कंपनीत खरेदी बघणारा, रत्नागिरीकडचा.

महत्त्वाचं बोलायचं असलं की ते बूट काढून जमिनीवर बसत. "बसून बोलू. उभ्याने माणूस थापा मारतो," म्हणत. आमच्या साहेबांच्या केबिनमध्येही त्यांनी मांडी ठोकली, तेव्हा गुडघेदुखीचे साहेब कण्हत शेजारी टेकले. अळकुड्यांच्या, म्हणजे अळूच्या कंदांच्या, पहिल्या कंटेनरचा सौदा तिथेच, कार्पेटवर ठरला. त्यांच्या शब्दावर तिकडे गावंच्या गावं अळू लावणार होती.

अजमानच्या मासळी बाजारात मी त्यांना नेलं. बोटभर हामूर मासा बघून त्यांनी विक्रेत्याला सुनावलं, "हे पोर अजून शाळेत असायला हवं होतं." आधी ते मास्तर होते, त्याआधी कोळ्याचा मुलगा. मंत्रिपद त्या दोन्हींवर नुसतं पांघरलेलं होतं.

मग रोल्ला भागातल्या आमच्या घरी जेवले. बायकोने केलेलं अळूचं फदफदं तीनदा घेतलं. त्यांच्याकडे आपल्या माणसाकडून मोठा अपराध घडला, तर गावचा प्रमुख पहाटे दुखावलेल्यांच्या दारात चटई पांघरून बसतो, असं सांगत होते. घरच्यांनी चटई उचलली की माफी मिळाली.

"आणि नाही उचलली तर?" बायकोने विचारलं.

"बसून राहायचं."

माल भरायची वेळ आली तेव्हा त्यांचा फोन आला. अळकुड्या धुऊन झाल्या होत्या, दोन दिवस वाळवायला हव्या होत्या. पुढचं जहाज चालेल का? मला बाजार गाठायचा होता. "नो सर, ईदनंतर मार्केट खलास. यल्ला, लोड करा," मी म्हणालो. बायको स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, ओल्या अळकुड्या कोणी भरून ठेवतं का?" मी तिला हाताने गप्प केलं.

सव्वा महिन्याने कंटेनर उघडला तेव्हा हमालही नाक दाबून मागे सरले. सगळा माल कुजला होता; तिकडच्या शेतकऱ्यांना एक पैसाही मिळणार नव्हता.

मंत्र्यांचा फोन आला. "बसलायस ना? मग सांग, काय झालं?"

"हो सर," मी उभ्यानेच म्हणालो, आणि सगळं कंटेनरच्या कूलिंगवर ढकललं. मग माझ्या बायकोची चौकशी करून त्यांनी फोन ठेवला.

पुढच्या निवडणुकीत ते पडले. मला लाज वाटत होती आणि धीर होत नव्हता. दोन वर्षांनी एकदाचं खरं काय ते लिहून पाठवलं. उत्तर त्यांच्या मुलीचं आलं. वडील मागच्या महिन्यात गेले, तिने लिहिलं होतं. माल कूलिंगमुळे नाही, ओला भरल्यामुळे कुजला, हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. तरी ते शेतकऱ्यांच्या दारात दुपारपर्यंत चटईखाली बसले. लोकांनी चटई उचलून विचारलं, चूक कोणाची? ते म्हणाले, "माझ्या माणसाची."

त्यांचा माणूस म्हणजे मी. मेसेज वाचून मी ऑफिसात तसाच खाली बसलो. आता माझ्यावरची चटई उचलायला तिकडे कोणी नाही.