दोन राष्ट्राध्यक्ष आणि झेंडूचा हार

पाहुण्यांच्या गाड्यांनी यवत सोडल्याचा फोन आला आणि त्याच वेळी मला गेटवरचा फ्लेक्स दिसला. त्यावर दोन राष्ट्राध्यक्षांचे फोटो होते. दोघांच्या देशांचं एकमेकांशी युद्ध चालू होतं.

मी कुरकुंभच्या एका औषध कंपनीत एक्स्पोर्ट बघते. त्या दोन देशांपैकी एकाचे राजदूत साइट व्हिजिटला येत होते. साइट व्हिजिट म्हणजे ऑर्डर देण्याआधी गिऱ्हाइकानं प्लांट पाहून जाणं. ही सलाइनची ऑर्डर हुकली असती तर आमची एक शिफ्ट बंद होऊन कितीतरी पोरं घरी बसली असती.

फ्लेक्स सरपंच आप्पांनी लावला होता.

"आप्पा, पाहुणे या डावीकडच्यांच्या देशाचे. मग शेजारी त्यांचा दुश्मन कशाला?"

"मॅडम, दोन गट म्हनल्यावर दोघांचं बी फोटो लागत्यात. एक ऱ्हायला की रुसवं सुरू. इतकी वर्सं पंचायत आशीच चालवलीया."

दिल्लीहून आलेले परराष्ट्र खात्याचे साहेब घामाघूम झाले. "सरपंचजी, हम न्यूट्रल हैं!"

"मंग मी दुसरं काय केलंय?"



फ्लेक्स उतरवायला वेळ नव्हता. आप्पांनी राजदूतांसाठी झेंडूचा भलामोठा हार आणला होता. तोच दुश्मनाच्या तोंडावर टाकायचं ठरलं. फोर्कलिफ्टवरून गार्डला वर चढवलं, तेव्हा सेफ्टी ऑफिसरनं मान फिरवली. हार वरच्या खिळ्याला अडकवला. पण तोंड झाकायचं सोडून तो दोन्ही बाजूंनी लोंबत राहिला आणि मधोमध दुश्मन छान दिसू लागला. खाली स्वागताच्या पूजेची उदबत्ती जळत होतीच.

तेवढ्यात गाड्या आल्या. राजदूत भारतात मुरलेले. फोटोला हार म्हणजे काय, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी हार पाहिला, उदबत्ती पाहिली आणि हळूच मला विचारलं, "व्हेन?"

दिल्लीचे साहेब म्हणाले, "नो कमेंट." परराष्ट्र खात्याचं ते नेहमीचं उत्तर, पण इथे ते दुजोऱ्यासारखं वाटलं.

राजदूतांनी आप्पांना मिठी मारली, हाराखाली उभं राहून फोटो काढून घेतला, प्लांट भराभर पाहिला आणि ऑर्डर पक्की केली. शिफ्ट वाचली. मला आनंदानं रडूच फुटलं.

दुसऱ्या दिवशी तो फोटो सगळीकडे फिरला आणि दुसऱ्या देशाच्या वकिलातीचा फोन आला. त्यांचा दुभाषी हिंदीत आग ओकत होता. दिल्लीचे साहेब खुलासा लिहीत आणि खोडत बसले होते. आप्पांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"साब, गुस्सा मत करो. आप भी प्लांट देखने आव. उस दिन हार उनके फोटू को डालेंगे."

पलीकडून तारीख विचारली गेली.

आता आमची सलाइन दोन्ही देशांत जाते. तटस्थपणाचं आमचं सगळं धोरण एवढंच आहे, की दोघांना एकाच दिवशी बोलवायचं नाही.