राजाच्या हातावरचं दही

राजाची आई त्या लढाईच्या चार वर्षं आधीच वारली होती.

तरीही दुधनीच्या यात्रेतल्या नाटकात ती दरवर्षी जिवंत असायची. निघालेल्या लेकाच्या हातावर दही घालायची आणि म्हणायची, "लवकर या."

नाटक अण्णांचं. माझे वडील.
लिहिणारे तेच, राजाही तेच. एरवी सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका ऑफिसात क्लार्क. तिथे फाइलमधली एक तारीख चुकू द्यायचे नाहीत.

आणि मी माळशिरसच्या शाळेत इतिहासाची बाई. मग अक्कल पाजळणं आलंच.

तीन वर्षांपूर्वी प्रॅक्टिसला सगळ्यांसमोर म्हटलं, "अण्णा, हा सीन धादांत खोटा आहे. लोक हेच खरं धरून बसतात. काढून टाका."

अण्णा रागावले नाहीत.

"ठाऊक हाय की मला. अव्वा गेली तवा मी सोलापुरात परीक्षेला बसलो हुतो. गावी पोचलो तवर सगळं उरकलं हुतं. मला न्हाय भेटता आलं. राजाला तरी भेटू दे की."

अव्वा म्हणजे त्यांची आई. दुधनीकडे तसंच म्हणतात.

मला वाईट वाटलं. पण हेका सोडला नाही.
"ते प्रेक्षकांना कसं कळणार, अण्णा?"

त्यांनी सीन काढला. लेकीचा शब्द म्हणून.

यात्रेत मी पुढच्याच रांगेत होते. राजा लढाईला निघाला. जिथे आई यायची तिथे अण्णा सवयीने थांबले आणि उजवा हात पुढे केला.

कोणी आलं नाही.

त्यांनी तळहाताकडे पाहिलं, मूठ मिटली आणि आत गेले.

शेजारची म्हातारी मला म्हणाली, "ह्याची आई कुटं गेली गं? लई आजारी हाय का काय?"


ते त्यांचं शेवटचं नाटक ठरलं.

मागच्या वर्षी, आजच्याच दिवशी, धाकट्या भावाचा फोन आला. "ताई, अण्णांना दवाखान्यात आणलंय. निघ."
म्हटलं, चालू तास संपवून निघते. वीस मिनिटं तर उरली होती.

सोलापुरात पोचले, तेव्हा अण्णांना जाऊन पंधरा मिनिटं झाली होती.

तेव्हापासून कोणी विचारलं, "शेवटची भेट झाली का गं?" की मी हो म्हणते.
वर सांगते, शुद्धीत होते, मला ओळखलं, हात पुढे केला, मी दही घातलं.

मुलांच्या पेपरातल्या सनावळ्यांवर लाल रेघा मारणारी मी, हे बिनदिक्कत सांगते.
भावाने दोन-तीनदा ऐकलंय. त्याने एकदाही मला दुरुस्त केलं नाही. नुसता खाली बघतो.

अण्णा, फार आठवण येते हो.

यंदा यात्रेत तुमचं नाटक होतंय. राजाचं काम भाऊ करणार आहे. तो सीन मी माझ्या हाताने परत लिहून दिलाय.
आईचं काम मी करणार आहे.

तुमच्या इतिहासाच्या बाईचा नमस्कार, अण्णा.

हात पुढे करा.