व्याह्यांच्या एकशे चौदा पेट्या

संगणकाच्या बाबतीत आमच्या घराण्यात माझ्याइतका शिकलेला माणूस दुसरा झाला नाही, आणि बाबांच्या मते यापुढे होऊही नये.

मी घरातला पहिला ग्रॅज्युएट. (बाबा सातवी, आई चौथी. माझा पदवीचा फोटो देवघराला खेटून लावलेला. उदबत्तीचा धूर आम्हा दोघांनाही मिळायचा.) दोन हजार सालच्या आसपास मी ठरवलं, रत्नागिरीतल्या आमच्या बागेतले हापूस इंटरनेटवर विकायचे. मुंबईचा एक मित्र म्हणाला, "वेबसाइटसाठी सोप्या भाषा आल्यात रे, त्यातली एखादी घे." पण मी कॉलेजात सी शिकलेला! सी म्हणजे यंत्राच्या पोटात शिरून काम करणारी भाषा. वेबसाइटसाठी ती वापरायची म्हणजे खोबरं खवायला कोयता घेण्यातला प्रकार. मी कोयताच घेतला. दर्शनी पानापासून ऑर्डर साठवण्यापर्यंत सगळं सीमध्ये!

चाचणीही कडक घेतली. नावाच्या रकान्यात बाबांच्या नावाने 'बाबा' टाकलं, आईच्या नावाने 'आई', बहिणीने स्वतः 'सुलू' लिहिलं. एक चूक निघाली नाही.

त्याच सुमारास सुलूचं मुंबईच्या तावकरांकडे जमत आलं होतं. मुलगा तिला पसंत होता. (तिने तसं सांगितलं नव्हतं, पण फोन वाजला की मागच्या पडवीतून जी धावत यायची, त्यावरून शेजाऱ्यांनाही कळलं होतं.) फक्त सुपारी फुटायची राहिली होती. मुलाचे वडील कौतुकाने म्हणाले, "यंदा आंबे तुमच्या चिरंजीवांच्या वेबसाइटवरूनच मागवतो!"

ऑर्डर आली. मी ऐटीत बाबांना हाक मारली. बाबा चष्मा लावून वाकले आणि तसेच वाकलेले राहिले.

"एकशे चौदा पेट्या?"

"हो."

"अरे, अख्खी बाग झोडली तरी एवढे निघणार नाहीत! नीट बघ मेल्या, कॉम्प्युटर चुकला असेल."

आता इथे गप्प बसायचं होतं. पण पदवीचा अपमान! "बाबा, माणूस चुकतो. कॉम्प्युटर चुकत नाही."

आई म्हणाली, "अहो, शुभ आकडा असेल. एकशे एक, एकशे अकरा, तसा."

"मग पुढचे तीन काय वरातीतल्या घोड्याला?" बाबा भडकले. "मागणी आहे ही! तोंडाने 'आम्हाला काही नको' म्हणायचं आणि मागून ट्रक लावायचा!"

सुलू दारात उभी. चेहरा उतरलेला.

बाबांनी फोन लावला. "तावकरसाहेब, एवढे आंबे कशाला? बागच नावावर करून देतो!"

पलीकडून आवाज एवढा चढला की आम्हा सगळ्यांना ऐकू आला. "काय बोलताय? दोन पेट्या मागितल्या मी! त्याही तुमचा मान राखायला!"

"कॉम्प्युटरवर एकशे चौदा आहेत. आणि आमचा राजू म्हणतो, कॉम्प्युटर चुकत नाही."

"मग मुलगी कॉम्प्युटरलाच द्या!" खाडकन फोन बंद.

मी घाईघाईने माझ्या नावाने दोन पेट्या मागवून बघितल्या. दोनच आल्या! पुन्हा केलं. दोनच! सुलूने मला खुर्चीवरून ढकललं.

"तू 'राजू' लिहितोयस. ते कधी नुसतं नाव लिहितात का? पोस्टात आयुष्य गेलंय त्यांचं!" आणि तिने होणाऱ्या सासऱ्यांचं नाव, वडिलांच्या नावासकट, इंग्रजीत न अडखळता टाइप केलं : यशवंत गोपाळ तावकर. पेट्या दोन. बटण दाबलं. एकशे चौदा!

झालं होतं असं, की नावाला मी वीस अक्षरांची जागा ठेवली होती. तावकरांचं नाव मधल्या मोकळ्या जागा धरून एकवीस. उरलेला शेवटचा 'आर' उतू गेला आणि शेजारच्या पेट्यांच्या घरात जाऊन पडला. यंत्रात प्रत्येक अक्षराला एक ठरलेला आकडा असतो, आणि त्या हिशेबात 'आर' म्हणजे एकशे चौदा. दुसरी एखादी भाषा असती तर ओरडली असती. सी ओरडत नाही. शिकलेल्या माणसाला कळत असेल, असं ती गृहीत धरते.

दुसऱ्या दिवशी बाबा आणि मी दोन पेट्या घेऊन मुंबईला तावकरांच्या दारात. मी अक्षर, जागा, उतू जाणं, सुलूने त्यांचं पूर्ण नाव टाइप करून चूक पकडणं, सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"म्हणजे माझं नाव तुमच्या मशीनमध्ये मावलं नाही?"

"नाही."

"आणि तुमच्या मुलीला ते पाठ आहे?"

"सगळंच्या सगळं," बाबा म्हणाले.

तावकर पहिल्यांदा हसले. "मग सुपारी कधी फोडायची बोला. बाकी सगळं तुमच्या पद्धतीने. फक्त पत्रिकेतली नावं ह्याच्या हातात देऊ नका."

लग्न थाटात झालं. सख्खा भाऊ म्हणून मी काम मागायला गेलो. पत्रिका गेलीच होती. जेवणाची पानं, आहेर, पाहुण्यांच्या गाड्या, सगळं आधीच वाटून झालेलं. शेवटी बाबांना दया आली. घराण्यातल्या पहिल्या ग्रॅज्युएटला त्यांनी मांडवाच्या दाराशी, पाहुण्यांच्या चपलांजवळ खुर्ची टाकून दिली आणि जाता जाता बजावलं,

"नुसतं लक्ष ठेव. मोजायला जाऊ नकोस!"