सगळ्यात वरचा ठिपका

माझ्या प्रबंधातल्या एका आलेखावर सगळ्यात वर एक ठिपका आहे. तो काढून टाक, असं मला माझ्या गाइड सरांनी सांगितलं, सोबत काम करणाऱ्या पोरींनी सांगितलं, आणि शेवटी बाहेरगावाहून आलेल्या परीक्षकांनी भर सभेत सांगितलं. मी काढला नाही. आज माझी स्वतःची प्रयोगशाळा आहे, हाताखाली विद्यार्थी आहेत, आणि तरी कुणी "मॅडम, हा एक आकडा जरा विचित्र येतोय, सोडून देऊ का?" असं विचारलं की माझं डोकं फिरतं. हातातलं काम टाकून मी त्यांना ही हकीकत ऐकवते. बिचाऱ्यांची आता पाठ झाली असेल.

माझा विषय संधिवात. आपल्या रक्तातल्या पेशी गप्प बसत नाहीत, सारख्या एकमेकींना निरोप धाडत असतात. त्या निरोपांना सायटोकाइन म्हणतात. काही निरोप "धावा, मारा" असे असतात, तर काही "बास, पुरे आता, घरी चला" असे. संधिवातात पहिल्या जातीचे निरोप थांबतच नाहीत, आणि शरीर स्वतःच्याच सांध्यांवर तुटून पडतं. मला बघायचं होतं की "पुरे आता" म्हणणारा निरोप आमच्या भागातल्या पेशंटमध्ये किती आहे. त्याचं नाव आयएल-दहा.

पेशंटचं रक्त दवाखान्यातून मिळायचं. पण ताडून बघायला धडधाकट माणसांचंही लागतं, त्यांना कंट्रोल म्हणतात. त्यासाठी होस्टेलची पोरंपोरी घ्यायची, अशी सगळीकडची रीत. जवळ असतात, चहा-बिस्किटावर हात पुढं करतात. मला ते पटेना. पेशंट कोण, तर जन्मभर खुरपं धरलेल्या पन्नाशीच्या बाया. आणि त्यांची तुलना करायची वीस वर्षांच्या, मॅगीवर जगणाऱ्या पोरींशी? काहीतरीच! मी सरळ माझ्या गावाला गेले, शेंद्र्याला.

माझी माय तेव्हा सकाळी एका कंपनीत झाडलोट करायची आणि दुपारनंतर दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जायची. तिच्याच सोबतच्या बायांना मी आमच्या ओट्यावर गोळा केलं. सुई बघितल्याबरोबर सगळ्या मागं सरल्या. रक्त काढलं की कमजोरी येती, आमच्या रक्ताचं तू काय करतीस, इकतीस का काय! मी समजावून थकले. शेवटी माय पुढं आली, बाही वर केली आणि म्हणाली, "पहिली सुई मला टोच. मी चक्कर येऊन पडले तर बाकीच्यांनी घरी जावा." ती काही पडली नाही. दंडावर कापूस दाबून धरत तिनं चुलीवर चहाचं आधण ठेवलं. मग एकेक करत सगळ्यांनी हात पुढं केले.

शेंद्र्याहून नळ्या आणायच्या म्हणजे स्कुटीच्या पुढ्यात थर्माकोलचा डबा आणि त्यात बर्फ. बर्फ मी शहरातून निघतानाच, औरंगपुऱ्यातल्या एका रसवाल्या चाचांकडून घ्यायचे. ते मला बाजी, म्हणजे ताई, म्हणायचे. रोज विचारायचे, "क्या बाजी, मच्छी का धंदा शुरू करे क्या?" मी म्हणायचे, हो चाचा, बहुत बडी मच्छी है. हसण्यावारी न्यायचे मी तेव्हा सगळं, कारण अजून निकाल हातात आला नव्हता.

निकाल एका प्लॅस्टिकच्या ताटलीत दिसतो. छोटे छोटे खळगे असतात, निरोप जितका जास्त तितका खळगा पिवळा. होस्टेलच्या पोरींच्याही थोड्या नळ्या मी लावल्या होत्या, त्या फिकट. शेंद्र्याच्या बायांच्या ओळी मात्र हळदीसारख्या. मला वाटलं, माझ्याच हातून घाण झाली. पुन्हा लावलं, तेच. नवीन किट उघडून लावलं, तेच. नळ्यांवरची नावं झाकून शेजारच्या पोरीला लावायला दिलं, तरी तेच. सगळ्यात पिवळा खळगा मायचा.

मी नाचतच सरांकडं गेले. सरांनी कागद बघितला, चष्मा काढला आणि म्हणाले, "हे कंट्रोल म्हणून चालायचे नाहीत. पोटात जंत असतील यांच्या, त्यानंही हा निरोप वाढतो. गलिच्छ सँपल आहेत. होस्टेलची पोरं घे आणि दोन महिन्यांत प्रबंध बांधून दे."

गलिच्छ. या शब्दाची नि माझी ओळख जुनी. लहानपणी गावच्या नळावर तो आमच्या हंड्याला चिकटायचा. आता तो मायच्या रक्ताला येऊन चिकटला. सरांच्या मनात तसलं काही नव्हतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. सर माणूस म्हणून चांगले. पण मनात नसताना जो शब्द तोंडात येतो, त्याचाच तर मला राग येतो! अंगाचा तिळपापड झाला. तरी मी एवढंच म्हणाले, "सर, जंत आहेत का नाहीत ते तपासून सांगते."

ते तेवढं सोपं नव्हतं. माझी फेलोशिप संपत आली होती. शहरातल्या एका कॉलेजात जागा निघाली होती, पदवी हातात असती तर ती माझीच होती. सोबतच्या पोरी म्हणायच्या, अगं येडी का तू, एका ठिपक्यासाठी नोकरीवर पाणी सोडतीस? होस्टेलची पोरं घेतली असती तर सगळं वेळेत झालं असतं. मी नाही घेतली. ती जागा गेली, तिथं दुसरी कुणी लागली, आणि त्याचं मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? त्या दिवशी बसस्टँडवर बसून मी रडले.

मग मी पुन्हा ओट्यावर. या वेळी झाकणाच्या छोट्या डब्या घेऊन. त्यात काय भरून द्यायचं ते सांगितल्यावर बाया हसून हसून लोळल्या. एक म्हातारी पदरानं डोळे पुसत म्हणाली, "एवढं शिकून हे मागतीस व्हय ग? ह्याच्यापरीस खुरपं बरं होतं की." पण दिल्या सगळ्यांनी. दोघींच्या डबीत जंत निघाले. बाकीच्या साफ, मायची पण साफ. त्या दोघींना गोळ्या दिल्या, त्यांचे आकडे वेगळे काढले. उरलेल्यांचा पिवळा रंग होता तिथंच.

प्रबंधात मी लिहिलं की या स्त्रिया निरोगी आहेत, त्यांच्यात हा निरोप जास्त आहे, आणि याचं कारण मला माहीत नाही. जन्मभर माती, जनावरं, रानातलं पाणी यांच्याशी गाठ पडून शरीर ब्रेक मारायला शिकत असेल, असा माझा अंदाज होता, तो अंदाज म्हणूनच लिहिला. सरांनी "जबाबदारी तुझी" म्हणून सही केली.

आलेख छापून आला तेव्हा मी तो घरी नेला. मायनं तो कागद उलटसुलट करून बघितला.

"ही टिंबं कशाची?"

"एकेक टिंब म्हणजे एकेक बाई."

"आन् हे वरचं?"

"ते तू."

"सगळ्यात वर?" तिनं कागद पुन्हा हातात घेतला. "तू शाळेत पहिली यायचीस. आता मी आले." दोन दिवस तो कागद गल्लीभर फिरला आणि हळद-तेलाचे डाग घेऊन परत आला.

ओपन व्हायवाला, म्हणजे प्रबंधाच्या जाहीर तोंडी परीक्षेला, घरच्यांना बोलवायची आपल्याकडं पद्धत आहे. पेढे, समोसे, हारतुरे, सगळं उमेदवारानंच करायचं. माय पांढरी साडी नेसून दुसऱ्या रांगेत बसली. इंग्रजी तिला कळत नव्हतं, तरी पूर्ण वेळ ती माझ्याकडं बघत होती. बोलणं झालं, प्रश्न झाले. मग परीक्षक उठले, लेझरचा लाल टिपका त्यांनी पडद्यावर नेला आणि मागं बसलेल्या गावच्या माणसांनाही कळावं म्हणून मराठीत बोलायला लागले.

"हा वरचा ठिपका आधीच काढायला हवा होता. हे निरोगी माणूस असूच शकत नाही. ही बाई आजारी आहे. तिला कळत नसेल, पण आहे."

ओपन व्हायवात बसलेल्या कुणालाही प्रश्न विचारता येतो, असा नियम आहे. तो वापरलेला मी तोवर कधी पाहिला नव्हता.

माय उभी राहिली. "सायब, ते वरचं टिंब मी हाय. मला काय झालंय?"

सगळे वळून बघायला लागले. सरांनी मान खाली घातली.

परीक्षक जरा गडबडले. "आजी, तुम्हाला तपासल्याशिवाय मी कसं सांगणार?"

"मंग तपासल्याबिगर आजारी कसं म्हणता?" तिचा आवाज चढलेला नव्हता, ती खरंच विचारत होती. "माझ्या पोरीनं मला दोनदा तपासलंय. रक्त बी, आन् दुसरं बी. सकाळी भाकरी करून, झाडलोट उरकून मग इथं आलेय. मी लई ठणठणीत हाय."

त्यांनी लेझर बंद केला. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "तुमचं काय म्हणणं?"

"सर, कारण मला माहीत नाही, ते मी लिहिलंय. पण त्या निरोगी आहेत. आपल्या पुस्तकातल्या 'निरोगी'मध्ये त्या बसत नसतील, तर पुस्तक दुरुस्त करावं लागेल. मी ठिपका काढणार नाही."

हे माझ्या तोंडून कसं निघालं, मला आजही कळत नाही. पदवी द्यायची का नाही, ते त्याच माणसाच्या हातात होतं. ते आणि सर आतल्या खोलीत गेले. बाहेर समोसे गार होत होते. बाहेर आल्यावर त्यांनी पदवीची शिफारस वाचून दाखवली, टाळ्या झाल्या, आणि जाता जाता मला बाजूला घेऊन ते म्हणाले, पेपर छापताना तेवढा ठिपका गाळलात तर तुमचंच भलं होईल. मी मान हलवली नाही. पुढं तो पेपर बऱ्याच ठिकाणांहून परत आला आणि शेवटी एका लहानशा मासिकात छापून आला, ठिपक्यासकट.

पण त्या दिवशी, सगळे गेल्यावर, आम्ही दोघीच रिकाम्या हॉलमध्ये गार समोसे खात बसलो होतो. माय हळूच म्हणाली, "तो सायब जाताना तुझ्या कानात काय म्हनला? काढ म्हनला ना मला?"

मी हो म्हणाले.

तिनं हाताचं तेल रुमालाला पुसलं आणि उठली. "म्हनू दे. मी काय तिथून उठत नाय."