सायकलकाकांसाठी लिहिलेलं पत्र

कुणाची अडचण होईल असा प्रश्न सायकलकाकांनी जन्मात विचारला नाही. इंग्लंडात, कॉव्हेंट्रीतल्या त्यांच्या गॅरेजमध्ये कुणीही जुनी सायकल आणावी, काकांनी ती विकत घेऊन दुरुस्त करावी आणि निम्म्या किमतीत आम्हा मराठी मंडळींना द्यावी. कुठून आणली, असं मी एकदा विचारलं. "संपादक, सायकलला गाव विचारू नये. काय दुखतंय तेवढं विचारावं." मी इथल्या मराठी मंडळाची स्मरणिका काढतो, म्हणून ही पदवी.

तीस वर्षांनंतरही त्यांचा पासपोर्ट भारतीयच होता. "चालू वस्तू मी बदलत नाही," म्हणायचे. आम्ही टाळ्या द्यायचो. आम्ही स्वतः मात्र पहिल्या संधीला बदलून मोकळे झालो होतो. काकूही ब्रिटिश. त्यांना नीट दिसत नाही, काकांचा हात धरल्याशिवाय त्या घराबाहेर पडत नसत.

एका सकाळी पोलीस आले. नंबर खरवडलेल्या कितीतरी इलेक्ट्रिक सायकली गॅरेजमध्ये सापडल्या. चोरीचा माल घेतल्याबद्दल काकांना चौदा महिन्यांची शिक्षा झाली. खरवडलेले नंबर त्यांना दिसले नसतील, असं मी म्हणणार नाही. पण ब्रिटिश माणूस शिक्षा भोगून घरी येतो. परदेशी नागरिकाला बारा महिने किंवा जास्त शिक्षा झाली, की हद्दपारीची नोटीस येते. मंडळींनी आपापल्या सायकली गुपचूप टिपवर, म्हणजे कचरा डेपोत, टाकल्या, आणि काकूंचे फोन घेणं सोडलं.

अपिलासाठी काकूंनी माझ्याकडे पत्र मागितलं. "भाऊजी, तुमचं रायटिंग इफेक्टिव्ह असतं. जजला कळू दे ना, माणूस डीसेंट आहे." मी फुललो. आपण मराठी माणसाची करतो तशीच स्तुती केली: इतकी वर्षं राहूनही हा गृहस्थ इंग्रज झाला नाही, याचा जीव गावच्या घरात आहे, दरवर्षी जत्रेला हा जातोच. वास्तविक भावांनी ते घर कधीच विकलं होतं आणि काका अकरा वर्षांत गावी फिरकले नव्हते. हे मला माहीत होतं. पण परिच्छेद फार सुरेख जमला होता. कुणी काटछाट करू नये म्हणून वकिलाला न दाखवता मी तो थेट कोर्टाला धाडला.

सुनावणीत सरकारी वकीलबाईंनी माझंच पत्र उचललं आणि एकेक वाक्य सावकाश वाचलं. हे इथे रुजलेच नाहीत, तिथे यांचं घर आहे, मग पाठवायला अडचण कसली? जजनी काकांना विचारलं, हे खरं आहे का? काकांनी वळून माझ्याकडे पाहिलं. नाही म्हणाले असते तर मी खोटा ठरलो असतो.

"येस, सर," काका म्हणाले.

मी उठून खरं सांगायला हवं होतं. मी बुटांकडे बघत बसलो. मी भेकड आहे.

आता काका तालुक्याच्या गावी भाड्याच्या खोलीत असतात. परवा फोन आला. "संपादक, तुमचं पत्र फ्रेम करून लावलंय. माझ्याबद्दल इतकं चांगलं कुणीच लिहिलं नव्हतं हो." मग त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा मला अडचणीचा प्रश्न विचारला.

"हिला हॉस्पिटलात कोण नेतं आता?"

आवाज नीट येत नाही, असं सांगून मी फोन ठेवला.